घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळताना कुठली मदत कुणाकडं मागायची (सांगली-साताऱ्यापुरतं)

घरात आजारी म्हातारं माणूस असलं की सल्ले देणारे खंडीभर भेटतात, पण नेमकं कुठल्या ऑफिसात जायचं ते कुणी धड सांगत नाही. मदत नाही असं नाही. बऱ्यापैकी आहे, फक्त ती एका खिडकीवर मिळत नाही. पेन्शन तहसीलला, काठी-वॉकरचे पैसे समाजकल्याणला, ऑपरेशनचा खर्च आरोग्याच्या योजनेत, पोरं बघत नसतील तर प्रांत ऑफिस, आणि या टेबलावरच्या माणसाला त्या टेबलावरचं काही माहीत नसतं. शिवाय एक गोष्ट यातल्या कुठल्याच योजनेत नाही, ती म्हणजे रोज आंघोळ घालायला, कूस बदलायला, रात्री लघवीला उठवायला लागणारं माणूस. ते आपल्यालाच उभं करावं लागतं. म्हणून सगळ्यात आधी हे ठरवायचं की आत्ता आपल्याला कमी काय पडतंय, पैसे, दवाखाना, घरात हात का कायद्याचा आधार. हे ठरवलं नाही की माणूस उगाच तहसीलच्या रांगेत उभा राहतो आणि घरी मात्र बघायला कुणी नसतं.

दवाखान्यापासून सुरू करते. आई-वडील, सासू-सासरे ७० च्या पुढचे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड पहिलं काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या वरच्या सगळ्यांना हे मिळतं, उत्पन्नाची अट नाही, पिवळं-केशरी रेशनकार्ड कुणी बघत नाही, वय फक्त आधारवरचं धरतात. वर्षाला ५ लाखांपर्यंतचं ॲडमिट होऊन घेतलेलं उपचार यात बसतं. घरात आजोबा-आजी दोघं ७० च्या वरचे असले तर ते ५ लाख दोघांत मिळून असतात, प्रत्येकी नाही, इथं बऱ्याच जणांचा घोळ होतो. ७० च्या आतल्यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, त्यातही मर्यादा आता ५ लाखच आहे. दोन्हींत ओपीडीची फी आणि रोजच्या गोळ्या धरत नाहीत.

खरी गंमत पुढं आहे. हॉस्पिटलच्या दारावर योजनेचा बोर्ड असला म्हणजे तिथं सगळं फुकट होतं असं नसतं, कारण हॉस्पिटल ठराविक आजारांसाठीच योजनेत घेतलेलं असतं, हाडाचं बसत असेल तर हृदयाचं बसेलच असं नाही, आणि काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यातच करायची असा नियम आहे. म्हणून ॲडमिट करायच्या आधी, निदान त्याच दिवशी, आरोग्यमित्राला गाठा. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात त्याचं टेबल असतं. त्याला सरळ विचारायचं, हे अमुक ऑपरेशन इथं योजनेत बसतं का, आणि वर किती भरावं लागेल. कोणी वेगळे पैसे मागितले तर महात्मा फुले योजनेचा फोन १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५. नुसता नंबर लावतो म्हटलं तरी कधीकधी काउंटरवरचा सूर बदलतो.

घरात कोणी फौजेतनं रिटायर झालेलं असेल, आणि साताऱ्यात असं घर शोधावं लागत नाही, अपशिंग्यासारखं गाव तर मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं, तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, आधी बघा. त्यात माजी सैनिकाबरोबर बायको येते आणि उत्पन्नाच्या अटीत बसले तर त्याचे अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. ओपीडी आणि औषधंही मिळतात म्हणून म्हाताऱ्या माणसाला ते जास्त उपयोगाचं. पण ईसीएचएस असेल तर वय वंदना का ईसीएचएस, एकच काहीतरी निवडायला लागतं. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी मोठ्या दवाखान्यात कशाला जायचं. गावातलं उपकेंद्र, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं त्या फुकट मिळतात आणि आशाताई ओळखीची असली तर निम्मं काम घरबसल्या होतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत केसपेपरसकट उपचार मोफत केलेत, मेडिकल कॉलेजला जोडलेल्या हॉस्पिटलला मात्र तो नियम लागू नाही, तिथं थोडीफार फी लागते. आणि सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांना वेगळी रांग द्यायची हे कायद्यात लिहिलंय, त्यामुळं ८० वर्षांच्या माणसाला तास दोन तास ताटकळत ठेवत असतील तर हक्कानं बोला, भांडण न करता.

आपल्याकडं डॉक्टरांना तोटा नाही. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेसनी १८९४ ला हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातनं सुद्धा लोक येतात, कऱ्हाडला कृष्णा हॉस्पिटल आहे, सांगली आणि साताऱ्याला सिव्हिल आहे. अडचण उलटीच होते, हृदयाचे वेगळे, किडनीचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी आणि म्हातारीच्या उशाला गोळ्यांचा ढीग. माझं ठाम मत आहे की सत्तरीच्या पुढं एक चांगला फिजिशियन धरायचा आणि दर काही महिन्यांनी सगळ्या गोळ्यांची पिशवी त्याच्या टेबलावर ओतायची, आयुर्वेदिक, शेजारणीनं दिलेलं चूर्ण सगळ्यासकट, यातलं काय बंद करता येतंय ते बघा म्हणायचं. चक्कर येऊन पडण्यामागं पुष्कळदा गोळ्याच असतात.

अजून एक. चांगलं बोलणारं माणूस एका-दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागलं, रात्री उठून बसतंय, माणसं ओळखेना, तर 'वयच झालं आता' म्हणून सोडून देऊ नका. सोडियम कमी होणं, लघवीचं इन्फेक्शन, एखादी नवी गोळी, काही दिवसांपूर्वी डोक्यावर पडलेलं, अशी कारणं असतात आणि त्यातली बरीच उपचारांनी सुधारतात. विसरभोळेपणा हळूहळू काही महिन्या-वर्षांत वाढत गेला तर तो वेगळा विषय, तरी त्यातही बी-१२, थायरॉइड आणि डिप्रेशन तपासून घ्यायचं आणि मग न्यूरोलॉजिस्ट नायतर मानसोपचारवाले डॉक्टर. मानसोपचारवाल्याकडं नेलं म्हणजे येड लागलं असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

पॅरालिसिस होऊन हातपाय गेले असतील, नजर किंवा ऐकू येणं फारच कमी झालं असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढता येतं. ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी होते. म्हाताऱ्यांसाठी हे कोणी काढतच नाही, पण ४० टक्के किंवा जास्त भरलं तर प्रवासाच्या सवलती आणि बाकीच्या योजनांचं दार उघडतं.

आता पैसे. खरं सांगायचं तर रक्कम बघून हिरमोड होतो. श्रावणबाळ योजनेत ६५ च्या वरच्या गरीब माणसाला महिन्याला १५०० रुपये मिळतात, अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. अट अशी की नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत पाहिजे नायतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. आजच्या दिवसात २१ हजारांत कोण जगतं हा प्रश्न सरकारला विचारा, पण अट तीच आहे, तलाठ्याचा अहवाल त्यानुसारच लागतो. मंजूर झाल्यावर खातं आधारला जोडलेलं पाहिजे आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, नाही दिला की पैसे गुपचूप बंद होतात आणि सहा महिन्यांनी कळतं.

मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी. तिच्यात ६५ च्या वरच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, कंबरेचा पट्टा असलं काही घ्यायला एकदाच ३००० रुपये खात्यात येतात, उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत हवं. चौकशी समाजकल्याण ऑफिसात. पैसे आले की वस्तू घ्या आणि बिल जपून ठेवा, नातवाच्या मोबाइलचा हप्ता भरू नका. नावात साधर्म्य असलेली केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तिच्यात पैसे देत नाहीत, शिबिर लावून वस्तूच देतात. एसटीचं बहुतेकांना माहीतच आहे, ७५ च्या वर फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० ला बंद झाली ती झालीच.

बँकेचं काम माणूस धडधाकट असताना उरकून घ्या, हे मी भेटेल त्याला सांगते. आमच्या आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, उजवा हात पॅरालिसिसनं गेला आणि सही जुळेना, तेव्हा बँकेतला साहेब म्हणाला त्यांना इथं घेऊन या. स्ट्रेचरवर आणू का म्हटलं. खरं तर सही करता येत नसलेल्या आजारी माणसाचा अंगठा, अगदी पायाचा अंगठासुद्धा, बँकेला चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो, हा रिझर्व्ह बँकेचा जुना नियम आहे. ७० च्या वरच्यांना आणि आजारी-अपंगांना घरी येऊन सेवा द्यायची असंही रिझर्व्ह बँकेनं २०१७ लाच सांगून ठेवलंय. लेखी अर्ज दिला की काम होतं, तोंडी सांगितलं की होत नाही. त्यापेक्षा आधीच खातं जॉइंट करून दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकेल असं करून ठेवणं सोपं, आणि नॉमिनी प्रत्येक एफडीला आहे का तेही बघायचं. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, पोस्टमन घरी येऊनही करतो, थोडे पैसे घेतो. बोटाचे ठसे झिजून आधार चालत नसेल तर डोळ्यांनी किंवा चेहऱ्यानं चालवायला सांगा.

मुखत्यारपत्राबद्दल (पॉवर ऑफ ॲटर्नी) मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं ते एकदा करून ठेवलं की कायमचं झालं. तसं नाही. देणारं माणूस शुद्धीत आणि समजतं असतानाच ते करता येतं, आणि पुढं त्याची समजच गेली, डिमेन्शिया वाढला, तर आपल्या कायद्यानं ते मुखत्यारपत्र संपतं. मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जायला लागतं, हायकोर्टापर्यंतसुद्धा. म्हणून विसरायला लागलंय अशी शंका आली की जॉइंट खातं, नॉमिनी, मृत्युपत्र ही कामं त्या महिन्यातच, लांबवायची नाहीत. घरात हा विषय काढला की 'तुम्हाला आमच्या पैशावर डोळा' असं ऐकायला मिळेल. मिळू दे. सगळ्या भावंडांना समोर बसवून बोला म्हणजे तो आरोप टिकत नाही.

घरातल्या हातांचा प्रश्न सगळ्यात अवघड. मावशी, म्हणजे सांभाळायला पगारी बाई, ठेवायची तर दोन वाटा, एक अशा बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडनं, दुसरी ओळखीपाळखीतनं. ब्युरोवाल्याची फी जास्त जाते पण मावशी रजेवर गेली तर बदली द्यायची जबाबदारी त्याची असते, निदान कागदावर तरी. ओळखीची बाई स्वस्त पडते, मायेनं करते, पण तिच्या गावची जत्रा आली की चार दिवस तुम्ही आणि तुमचं नशीब. ठरवताना आधी स्वतःला विचारा की नर्स पाहिजे का मावशी पाहिजे. नाकातनं राइल्स ट्यूब (पोटात जेवण सोडायची नळी) आहे, लघवीची नळी आहे, इंजेक्शनं आहेत, मोठी जखम आहे, तर शिकलेली नर्स, निदान रोज एकदा येऊन जाणारी तरी लागते, ते काम मावशीवर टाकायचं नाही. भरवणं, पुसणं, डायपर, कूस बदलणं, फिरवून आणणं एवढंच असेल तर मावशी पुरे. बारा तासांची का चोवीस तासांची तेही आधी. चोवीस तास म्हटलं की लोकांना वाटतं ती चोवीस तास जागी राहील, असं कुठलं माणूस असतं का, तिला रात्रीची झोप आणि दुपारचा तासभर द्यायलाच लागतो. जेवण तुमच्याकडं का तिचा डबा, सुट्टी कधी, घरचा स्वयंपाक-धुणं तिच्या कामात आहे का नाही, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या, नायतर पंधराव्या दिवशी त्याच्यावरनंच भांडण होतं. आधारची झेरॉक्स घ्या, पोलिस व्हेरिफिकेशन करा, दागिने आणि एटीएम कार्ड कपाटात. एक वही ठेवायची, गोळी कधी दिली, पोट साफ झालं का, किती खाल्लं, कूस कधी बदलली. डॉक्टरला ती वही आपल्या तोंडी हकिकतीपेक्षा जास्त सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, पाठीच्या माकडहाडाशी लाल डाग दिसला आणि बोटानं दाबून तो पांढरा होत नसेल तर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झालाय, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

फिजिओथेरपिस्ट घरी येतात. त्यांना रोज बोलावणं परवडत नसेल तर काही दिवस बोलवा आणि व्यायाम घरातल्या एकाला शिकवून घ्या, चांगले फिजिओ खुशीनं शिकवतात.

सामान लगेच विकत घेऊ नका. वर-खाली होणारा बेड, एअर बेड, व्हीलचेअर, ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं मिळतं, रोटरी-लायन्स किंवा एखाद्या ट्रस्टचं रुग्ण साहित्य केंद्र असेल तर डिपॉझिटवर अगदी नाममात्र भाड्यात. आणण्याआधी घराचा दरवाजा मोजा. गावभागातल्या जुन्या घरांत उंबरा वीतभर उंच आणि दार अरुंद, व्हीलचेअर बाहेरच्या सोप्यातच अडकते. बाथरूममध्ये धरायला दांडी आणि भारतीय संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची, एवढ्या दोन गोष्टींनी खुब्याचं हाड वाचू शकतं.

वृद्धाश्रमाबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात. विचारण्यात काही गैर नाही, घरी नीट होत नसेल तर नीट होणारी जागा बघणं यात पाप कसलं. पण हे लक्षात घ्या की बरेच वृद्धाश्रम फक्त स्वतःचं स्वतः करणाऱ्यालाच घेतात. अंथरुणावरच्यासाठी वेगळं केअर सेंटर लागतं आणि ते महाग. बघायला जाताना न सांगता, जेवायच्या वेळेला जा. रात्री ड्युटीवर किती माणसं असतात, आजारी पडलं तर कुठल्या दवाखान्यात नेतात, डिपॉझिट परत मिळतं का, हे विचारा, आणि वासावरनं बरंच कळतं. काही ठिकाणी पंधरा दिवस-महिनाभरासाठीही ठेवतात, घरात लग्न आहे किंवा सांभाळणाऱ्या सुनेचंच ऑपरेशन आहे तर त्याचा उपयोग होतो.

पोरं बघतच नसतील तर २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्याकडं, कोर्टात नाही. म्हाताऱ्या माणसाला जाणं जमत नसेल तर त्याच्या वतीनं दुसरं कोणी देऊ शकतं. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं सगळी यात येतात, मुलबाळ नसेल तर ज्याला इस्टेट मिळणार आहे तो नातेवाईक. महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगी लावता येते आणि निकाल साधारण ९० दिवसांत द्यायचा असतो, प्रत्यक्षात लांबतो. आपल्याकडं खरी लढाई जमिनीची असते. घर-शेत पोराच्या नावावर करून दिलं आणि मग त्यानं बघणं सोडलं, तर कलम २३ प्रमाणं ते बक्षीसपत्र रद्द करून मिळू शकतं, पण सांभाळ करायच्या अटीवरच दिलंय हे दाखवायला लागतं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूनं असाच निकाल दिला, तिथं मुलानं सांभाळायचं लिहून दिलेलं होतं. म्हणून द्यायचंच असेल तर ती अट दस्तातच लिहा. माझं विचाराल तर सातबारा जिवंतपणी नावावर करूच नका, मृत्युपत्र करा, ते कधीही बदलता येतं.

विटा-आटपाडीकडं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यामुळं पोरं पार तामिळनाडू-केरळात, जावळी-पाटणची पोरं मुंबईत, आणि गावात मागं दोघंच म्हातारी. लांबनं सांभाळणाऱ्यांनी एल्डरलाइनचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४५६७ हा नंबर सेव्ह करून ठेवावा, फुकट आहे, सकाळी ८ ते रात्री ८, मराठीत बोलतात, योजनेची माहिती देतात, कायद्याचं सांगतात, कुणी म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं असेल तर तिथंही मदत करतात. तातडीचं असेल तर ११२ किंवा ॲम्ब्युलन्सला १०८. जवळच्या पोलिस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते, तिच्यात आई-वडिलांचं नाव घालून या. आणि गावातला ज्येष्ठ नागरिक संघ. तिथले काका लोक तहसीलच्या कारकुनापेक्षा जास्त अपडेट असतात, कुठला फॉर्म कधी सुटला हे त्यांना आधी कळतं.

जी सून किंवा लेक हे सगळं करते तिच्याबद्दलही बोलायला पाहिजे. पुण्यातल्या दिराला फोनवर सल्ला द्यायला काही लागत नाही. त्यापेक्षा त्याला एक ठरलेलं काम द्या, मावशीचा पगार त्याचा, किंवा योजनेची सगळी फोनाफोनी त्याची, किंवा महिन्यातनं एक शनिवार-रविवार तो इथं आणि तुम्ही माहेरी. खर्च वहीत लिहा आणि ग्रुपवर टाका, नंतरची उणीदुणी टळतात. झोप लागत नाही, सारखं रडू येतं, त्या माणसावरच हात उगारावासा वाटतो, असं व्हायला लागलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत.

आणि नदीकाठच्यांसाठी एक. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा अंथरुणावरच्या माणसांचे फार हाल झाले. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोका, पण घरात असं माणूस असेल तर ४० चीसुद्धा वाट बघायची नाही, कोयना धरणातनं विसर्ग वाढला आणि पाणी चढायला लागलं की विश्रामबाग, मिरज, जिथं कुणी आपलं असेल तिथं आधीच हलवायचं. एअर बेडचा पंप आणि ऑक्सिजनचं मशीन दोन्ही लाइटवर चालतात आणि पुरात लाइट पहिली जाते. महिनाभराच्या गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी, आधार आणि वय वंदना कार्ड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घ्या, बेड नंतर आणता येतो.